उन्हाळ्यातलं पाणी, पडलेली पिल्लं आणि लहानपणी शिकलेले धडे: काय बरोबर, काय चूक?

वळचण | ११ मार्च
मार्च लागला की 'पक्ष्यांसाठी एक वाटी पाणी ठेवा'चे निरोप सुरू होतात. २० तारखेला जागतिक चिमणी दिन, तोवर पूर. नंतर एप्रिल-मेमध्ये, खरी गरज असते तेव्हा, निम्म्या वाट्या कोरड्या आणि उरलेल्यांत हिरवं पाणी.

चाळिशी-पन्नाशीतल्या बहुतेकांनी पक्ष्यांची काळजी घ्यायचे धडे अंगणातच गिरवलेत. करवंटीत पाणी, तांदूळ निवडून उरलेली कणी अंगणात, वळचणीतून पडलेलं पिल्लू बुटाच्या खोक्यात आणि त्याच्या चोचीत कापसाच्या बोळ्याने दूध. वर मोठ्यांची ताकीद, 'हात लावू नका, माणसाचा वास लागला की बाकीच्या चिमण्या त्याला टोचून मारतात.'

माझं मत आधीच सांगतो. यातलं पाणी आणि कणी ठीक, बाकी जवळजवळ सगळं चुकीचं. आता तेच धडे आपण मुलांना देतोय, म्हणून जाणकारांनी नेमकं सांगावं. भांडं कसं, पाणी किती, पिल्लू सापडलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं. किस्से नकोत, कृती हवी.

सावनी_प | ११ मार्च
वाचतेय. उपयुक्त धागा.

गच्चीवाला | ११ मार्च
पाण्यापासून सुरू करू.

भांडं मातीचं, पसरट. कुंभाराकडे परळ मिळतं तसं, किंवा कुंडीखालची मातीची ताटली. व्यास १२ ते १४ इंच, खोली २ इंचांपेक्षा जास्त नको. चिमणी-बुलबुलाला पाऊण इंच पाणी पुरतं. जास्त खोल असेल तर मधोमध एक खडबडीत दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर हवा. पक्षी त्यावर बसून पितात आणि खार किंवा मधमाशी पडली तर चढून बाहेर येते. स्टील आणि प्लास्टिक नको. काठ गुळगुळीत असल्याने पाय घसरतो, आणि स्टील उन्हात एवढं तापतं की दुपारी कोणी फिरकत नाही.

जागा सावलीची, पण उघडी. दाट झुडपाला खेटून ठेवलं की मांजराला आयती आडोशाची जागा मिळते. झुडपापासून ८-१० फूट अंतर ठेवा. गॅलरीच्या कठड्यावर ठेवणार असाल तर तारेने घट्ट बांधा. चौथ्या मजल्यावरून परळ खाली आलं तर पक्षी राहू द्या, सोसायटीची सभा भरेल.

निषाद | ११ मार्च
आणि डास? आमच्याकडे महापालिकेचे लोक भांडी उलटी करून जातात.

गच्चीवाला | १२ मार्च
@निषाद, बरोबरच करतात. पण पाणी ओतून पुन्हा भरणं पुरेसं नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून रोज पाणी बदला, आणि दोन-तीन दिवसांनी काठ्याने किंवा ताठ ब्रशने आतली भिंत काठापर्यंत घासा. अंड्यापासून डास व्हायला आपल्या उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे हा क्रम पाळला तर डास होतच नाहीत. रॉकेल, डासांचं औषध, ब्लीचिंग पावडर यातलं काहीही त्या पाण्यात नको.

सोपी युक्ती म्हणजे दोन परळं ठेवायची. एक वापरात, एक घासून उन्हात वाळत.

पोफळी | १२ मार्च
काठ्याने म्हणजे काथ्याने ना? काठीने घासायला निघाले होते. :)

गच्चीवाला | १२ मार्च
काथ्याने! नारळाचा. काठीने घासलं तर परळाचं खापर होईल.

वैदर्भी | १२ मार्च
नागपूर-चंद्रपूरकडचं वेगळं लिहिते. पारा ४५ला गेला की पाणी सकाळी भरून ऑफिसला जाणं कामाचं नाही, दुपारी दोनपर्यंत भांडं आटलेलं असतं. मोठं परळ, जाड बुडाचं, आणि कूलर किंवा एसीच्या सांडपाण्याच्या थेंबाखाली नाही. त्या पाण्यात धूळ-मळ असतो. माठ टांगून त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून सुतळीची वात ओवली, तर थेंब थेंब पाणी खालच्या परळात पडत राहतं. पडणाऱ्या थेंबाचा आवाज-हालचाल पक्ष्यांना लांबून कळते.

मे महिन्यात घारी, कबुतरं, कोकीळ उष्माघाताने खाली पडतात. चोच उघडी, पंख ढिले, मान लुळी. तेव्हा पाण्याची बाटली चोचीत ओतायची नाही. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या अगदी मागे, तोंडातच उघडते. ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि पक्षी उन्हाने नाही, आपल्यामुळे मरतो. सावलीत आणा, अंगावर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा (बर्फाचं पाणी नको), खोक्यात ठेवा, समोर उथळ ताटलीत पाणी. शुद्धीत असेल तर चोचीचं टोक पाण्याला टेकवा, तो स्वतः ओढतो. शुद्ध नसेल तर पाणी अजिबात नाही.

चष्मेबद्दूर | १२ मार्च
+१. फोटोग्राफर मंडळींनी हा प्रतिसाद छापून भिंतीला लावावा. 'तहानलेल्या पक्ष्याला बाटलीने पाणी पाजणारा देवमाणूस' या फोटोंनी किती जीव घेतले असतील.

दादर_टीटी | १३ मार्च
कबुतरांना दाणे घालणाऱ्यांनाही इथेच घ्या. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढा गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टात गेलं. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो, डॉक्टर ओरडून सांगतायत.

अहिंसक | १३ मार्च
मुके जीव उपाशी मरू द्यायचे का मग? जीवदया ही आपली परंपरा आहे.

दादर_टीटी | १३ मार्च
मूठभर कणी आणि पोतंभर चणे यात फरक आहे. एकाच जागी पोत्याने दाणे ओतले की कबुतरं वर्षभर वीण काढतात आणि गर्दीत एकमेकांचे रोग घेतात. त्यांच्या घशाला होणारा एक परजीवी रोग तर एकत्र खाण्या-पिण्यातूनच पसरतो. तुमच्या दयेचा हिशोब कबुतरालाही परवडत नाही.

वळचण | १३ मार्च
मंडळी, कबुतरांसाठी वेगळा धागा काढा. या धाग्यात न संपणारा वाद नको.

भोरडी | १५ मार्च
दाण्यांचं प्रमाण राहिलं होतं. गॅलरीत दिवसाला एक मूठ पुरे. बाजरी, तांदळाची कणी, राळं. पूर्वी कोकणात आणि मावळात भाताच्या लोंब्यांची तोरणं करून पडवीत टांगायचे, ती पद्धत आजही उत्तम. लोंबी झुलते, त्यामुळे चिमणी-मुनिया लोंबकळून खातात आणि कबुतराला टेकायला जागा मिळत नाही. देशावर ज्वारीचं कणीस तसंच चालतं.

चालत नाही ते: शेव, फरसाण, बिस्किट, खारे दाणे, शिळा पाव. मीठ आणि तेल त्यांच्या पोटाला झेपत नाही, पाव नुसतं पोट भरतो. हिवाळ्यात खाडीत बोटीतून कुरवांना (सीगल) शेव-गाठ्या फेकणारे हौशी लोक हेच करतात. मीठ न घातलेला भात चिमूटभर चालेल, पण तासाभरात उचला, उन्हात आंबतो. संध्याकाळी उरलेलं झाडून घ्या, नाहीतर रात्री उंदीर येतात. पावसाळ्यात दाणे घालणं बंद केलेलं बरं. ओल्या धान्यावर बुरशी धरते, शेंगदाण्यावर तर सगळ्यात आधी. शिवाय पावसात किडे भरपूर असतात, तुमच्या दाण्यांवाचून कोणाचं अडत नाही.

निषाद | १५ मार्च
कावळा परळात पोळीचे तुकडे, हाडं, काय काय आणून टाकतो. उपाय?

भोरडी | १५ मार्च
उपाय नाही. तो कडक पोळी भिजवून मऊ करून खातो, त्याच्या दृष्टीने तुमचं परळ हेच त्याचं स्वयंपाकघर. त्याच्यासाठी एक वेगळं भांडं जरा लांब, उंचावर ठेवा आणि ते रोज घासा.

चष्मेबद्दूर | १५ मार्च
आणि पितृपक्षात हाच महाशय समोर पान मांडलं तरी ढुंकून बघत नाही. (हलकेच घ्या.)

पिंगळा | १९ मार्च
उद्या चिमणी दिन, लाकडी घरटी वाटली जातील. वाटणाऱ्यांनी मापं बघावीत.

तळ १५ बाय १५ सेंमी, उंची २० ते २२. भोकाचा व्यास ३२ ते ३५ मिमी. हे सगळ्यात महत्त्वाचं. ५० मिमीचं भोक ठेवलंत तर साळुंकी घर बळकावते. तळापासून भोक १२ ते १५ सेंमी उंचीवर, म्हणजे पिल्लं लवकर बाहेर पडत नाहीत आणि कावळ्याची चोच पोचत नाही. भोकाखाली बसायला दांडी बहुतेक विकतच्या घरट्यांत असते, ती कापून टाका. चिमणीला लागत नाही, घरटं लुटणाऱ्याला मात्र पाय टेकायला होते. तळाला पाणी निघायला चार बारीक भोकं, छपराखाली दोन हवेसाठी. लाकूड पाऊण इंची किंवा जाड प्लाय. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) पहिल्या पावसात फुगतो. आतून रंग-पॉलिश काही नको, भिंत जरा खरखरीत असू द्या, पिल्लांना चढता आलं पाहिजे.

उंची ८ ते १० फूट, तोंड पश्चिमेला नको, दुपारचं ऊन आत शिरतं. टांगून झुलतं ठेवू नका, भिंतीला पक्कं ठोका. छपराला बिजागरी लावा, साफ करता येतं. वीण साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर चालते, म्हणून साफसफाई त्यानंतर, घरटं रिकामं आहे याची खात्री करून. जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता, वाळवा. हातात मोजे, तोंडाला रुमाल, कारण आत गोचिडीसारखे बारीक किडे असतात. कीटकनाशक मारू नका.

सावनी_प | १९ मार्च
सगळं मापात करूनही चिमण्या येत नसतील तर?

पिंगळा | १९ मार्च
तर अडचण घरट्याची नाही, जेवणाची आहे. चिमणी दाणे खाते, पण तिची पिल्लं पहिले काही दिवस अळ्या आणि मऊ किड्यांवरच वाढतात. आवारात फरशा, शोभेची परदेशी झाडं आणि महिन्याला पेस्ट कंट्रोल असेल तर अळ्या आणायच्या कुठून? मेंदी, कडीपत्ता, लिंबू, तुळस, एखादा वेल असं देशी झाडोऱ्याचं दाट कुंपण असलं की थवा बसायला लागतो. आणि धुळीची अंघोळ. फूटभर रुंद ट्रेमध्ये दोन-तीन इंच बारीक कोरडी माती किंवा वाळू ठेवा. पिसांतल्या उवा कमी व्हायला त्याने मदत होते.

जर्सीकर | २० मार्च
अवांतर: इकडे न्यू जर्सीत चिमणीसाठी घरटं लावलंत तर शेजारचे पक्षीप्रेमी बोलायचे बंद होतील. १८५० च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडलेली हीच चिमणी इथल्या निळ्या पक्ष्यांची, म्हणजे ब्लूबर्डची, घरटी बळकावते. त्यांच्या घरट्याचं भोक ३८ मिमीचं, त्यातून चिमणी आरामात शिरते.

चष्मेबद्दूर | २० मार्च
म्हणजे तिकडे 'चिऊताई चिऊताई दार उघड' ब्लूबर्ड म्हणतो.

शिंजीर | २ एप्रिल
गॅलरीत वायरवर किंवा वेलीवर सूर्यपक्ष्याने लोंबतं घरटं बांधलं असेल तर कपडे वाळत घालायची दोरी तेवढी हलवा, घरटं नको. अंडी उबवायला दोनेक आठवडे, पिल्लं उडायला अजून तेवढेच. महिनाभर त्या कुंडीला पाइपने पाणी मारू नका, झारीने बुंध्याशी घाला. आत डोकावून फोटो काढायचा मोह टाळा. तुम्ही तिथे जाता-येता हे कावळा बघत असतो आणि नंतर स्वतः जाऊन बघतो.

साखरपाणी ठेवायची नवी टूम निघाली आहे. अमेरिकेत गुंजनपक्ष्यांना (हमिंगबर्ड) एक भाग साखर, चार भाग पाणी असं देतात आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत बदलतात. आपल्या उष्णतेत ते दिवसभरात आंबतं, मुंग्या लागतात. त्यापेक्षा जास्वंद किंवा हमेलिया लावा.

कौलारू | १८ एप्रिल
धागाकर्त्याचा मूळ प्रश्न पिल्लांचा होता, त्यावर कोणी फारसं लिहिलं नाही. दूध-पावावर जुन्या लोकांनी पिल्लं वाढवलीच की. सगळं पुस्तकी कशाला हवं?

दयाळ | १८ एप्रिल
@कौलारू, जगलेलं पिल्लू लक्षात राहतं, दुसऱ्या दिवशी खोक्यात मेलेली चार विसरली जातात. पक्षी सस्तन नाहीत, दुधातली साखर त्यांना पचत नाही. हगवण लागते, शरीरातलं पाणी जातं, आटोपलं. कबुतर आपल्या पिल्लाला 'दूध' देतं, पण ते अन्नपिशवीतला दाट स्राव असतो, गाईच्या दुधाशी त्याचा संबंध नाही.

आता कृती. पिल्लू दिसलं की उचलायच्या आधी बघा.

अंगावर पिसं आहेत, शेपूट आखूड, टुणटुण उड्या मारतंय, बोटावर पकड घट्ट आहे? ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. बुलबुल, दयाळ, साळुंकी, कावळा, सगळ्यांची पिल्लं उडता येण्याआधी काही दिवस जमिनीवर, झुडपांत काढतात. आईबाप आसपास असतात, किडे आणून भरवतात. मांजर-कुत्रं किंवा रहदारीचा धोका असेल तरच उचलून जवळच्या झुडपात, फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. आपण 'वाचवतो' त्यातली बरीच पिल्लं अशीच पळवलेली असतात.

उघडं, डोळे मिटलेलं किंवा सुयांसारखी पिसं फुटत असलेलं असेल तर घरट्यात परत ठेवायचं. घरटं सापडलं नाही किंवा मोडलं असेल तर मोठी करवंटी किंवा छोटी प्लास्टिकची टोपली घ्या, बुडाला भोकं पाडा, वाळकं गवत घाला (कापूस नको, नखांत अडकतो), आणि त्याच झाडाला, जुन्या घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत बांधा. मग निदान ३०-४० फुटांवर जाऊन दोन तास बघा. आईबाप आले की काम झालं.

आता 'वासा'बद्दल. माणसाच्या वासावरून हे पक्षी पिल्लू टाकत नाहीत. मग समज टिकला कसा? माणसं पिल्लाला हात लावतात आणि भोवती घोळका करून उभी राहतात. आईबाप भीतीने जवळ येत नाहीत. उघडं पिल्लू काही तासांत गारठून-उपाशी मरतं. दोष हाताला लागतो, खरा दोष घोळक्याचा.

पोफळी | १८ एप्रिल
शेवटचा परिच्छेद शाळेत वाचून दाखवायला हवा.

कौलारू | १९ एप्रिल
पटलं. पण आईबाप आलेच नाहीत तर? मग तरी घरी वाढवायचं ना?

दयाळ | १९ एप्रिल
नाही. आधी गणित बघा. अशा पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर २०-३० मिनिटांनी भरवावं लागतं. प्रत्येक जातीचं खाणं वेगळं, बगळ्याला मासे, कोकिळेला फळं, चिमणीला अळ्या. त्यातून जगलंच तर माणसाला आणि मांजराला न घाबरणारा पक्षी तयार होतो, तो बाहेर टिकत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानपक्षी घरी ठेवता येत नाहीत, पोपट आणि मुनियासुद्धा.

वनविभागाच्या किंवा डॉक्टरच्या हाती देईपर्यंत खोकं. भोकं पिल्लू ठेवायच्या आधी, आतून बाहेर पाडा, म्हणजे टोकदार कडा आत राहत नाहीत. तळाला जुना सुती कपडा, गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. टॉवेलही नको, धाग्यांत नखं अडकतात. पिसं नसतील तर कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, गरम झालं तर पिल्लू दुसरीकडे सरकू शकतं. झाकण बंद, अंधार, शांतता. मुलांना दर पाच मिनिटांनी दाखवायचं नाही. आणि वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, नागपुरात सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

मांजराने धरलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मांजराच्या लाळेतले जिवाणू बारीकशा ओरखड्यातूनही जातात, प्रतिजैविकं वेळेत मिळाली नाहीत तर एक-दोन दिवसांत खेळ खलास.

वैदर्भी | २० एप्रिल
माहितीपूर्ण. काचेवर आपटलेल्या पक्ष्यालाही हेच खोकं, एक-दोन तास, खाणं-पाणी काही नाही. मग मोकळ्या जागी नेऊन झाकण उघडा, स्वतः उडाला तर उडाला. हवेत भिरकावू नका. पाकोळी (स्विफ्ट पक्षी) जमिनीवर सापडली तर तिला बहुधा जमिनीवरून झेप घेता येत नाही. हात उंच करून उघड्या तळव्यावर धरा, जायचं तेव्हा जाते.

निषाद | २० एप्रिल
मांजाचं राहिलं. जानेवारीत पुन्हा वर काढायला नको, आत्ताच लिहा.

येवलेकर | २१ एप्रिल
आमच्याकडे पतंगांचं वेड किती हे सांगायला नको, म्हणून अधिकाराने लिहितो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी चोरून मिळतोच. अडकलेला पक्षी दिसला की धागा ओढू नका, तो मांसात आणखी रुततो. आधी डोक्यासकट अंगावर सुती कपडा टाका, पक्षी शांत होतो. मग दोन्ही बाजूंनी धागा कापा, पंखात रुतलेला तुकडा तसाच ठेवून डॉक्टरकडे. घार-घुबड असेल तर चोचीपेक्षा पंजे सांभाळा. पतंग सकाळी लवकर आणि सूर्यास्ताच्या वेळी उडवू नका, तेव्हाच थवे रातथाऱ्याहून (रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांवरून) निघतात आणि परततात. आणि संक्रांत संपली म्हणजे धोका संपला असं नाही. झाडांवर लटकलेला मांजा वर्षभर पक्षी आणि वटवाघळं धरतो. तो उतरवणं हे खरं फेब्रुवारीतलं काम.

भोरडी | ९ जून
धागा वर काढते. पहिल्या वादळी पावसात बगळ्यांची पिल्लं वडा-पिंपळावरून खाली पडायला लागली आहेत. हातात घेताना तोंडापासून लांब धरा, ती थेट डोळ्यावर चोच मारतात. वसाहत उंच असल्याने घरट्यात परत ठेवणं जमत नाही, १९२६ ला फोन करा. आणि पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी अजून चालू असेल तर कंत्राटदाराला थांबवून परवानगीचा कागद मागा आणि घरटी दाखवा. छाटणीचं काम वीण संपल्यावर हिवाळ्यात केलं तर निम्मा प्रश्न सुटतो.

कावळे एखाद्या ठिपक्याठिपक्यांच्या किंवा काळ्या पिल्लाला मारताना दिसले तर ते बहुतेक त्यांच्याच घरट्यात वाढलेलं कोकिळेचं पिल्लू असतं. दमलेलं असतं. दिवसभर खोक्यात, संध्याकाळी कावळे गेले की दाट झाडात. खायला पपई नाहीतर केळं.

कौलारू | ९ जून
नवीन परळ आणलं, पाणी झिरपून खाली ओल येते. आतून ऑइलपेंट मारू का?

गच्चीवाला | १० जून
नको. झिरपतं म्हणूनच पाणी गार राहतं. रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, पहिल्या आठवड्यानंतर झिरपणं कमी होतं. खाली दोन विटा ठेवा, ओल वाळेल. विटांच्या मधे पाणी साचू देऊ नका, नाहीतर डासांसाठी वेगळं परळ ठेवल्यासारखं होईल.